मांडवात न वाजलेल्या चपला

ती. महालिंगदाजींना कोल्हापुराहून शशिधरचे शरणार्थ.

आमच्या रत्नव्वाच्या गुडघ्याची सूज उतरली का? तिला उगाच जिने चढायला लावू नका. इकडे तब्येती ठणठणीत आहेत, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तुमचा लाडका भाचा राजवीर.

आपल्या चपलांच्या दुकानात इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या संयोगिताला चिरंजीवांनी घरी बसवलं आणि ते काम मनिलाच्या एका पोरीला दिलं. (मनिला कुठं हे मला विचारू नका. समुद्रापलीकडं, एवढंच ठाऊक.) गिऱ्हाइकानं मोबाईलवर मराठीत लिहायचं, मशीननं त्याचं इंग्रजी करायचं, पोरीनं ते वाचून कारागिरांना कळवायचं. "आबा, सगळं जग असंच चालतंय की!" हे वर.

मलकापूरच्या अमरसिंहांनी लेकाच्या लग्नासाठी जोड सांगितला. लिहिलं, चपला अशा करकर वाजल्या पायजेत की मांडवातल्या सगळ्यांच्या माना वळल्या पायजेत. मनिलात ती तक्रार ठरली! पोरीनं माफी मागितली आणि आवाज काढून टाका म्हणून कळवलं. कारागिरांनी काढला. नवरदेव मांडवात मांजरागत आला, कुणी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी अमरसिंह दुकानात हजर. "पावणं, माझ्या पोराचं लगीन हुतं का चोरी?" अख्खी गल्ली ऐकत होती.

मी तडक त्या पोरीला व्हिडिओवर गाठलं, शिव्या जुळवूनच. बघतो तर मांडीवर लेकरू, त्याच्या कपाळावर ओली पट्टी, आणि अशा कितीतरी दुकानांची कामं एकटीच्या गळ्यात. मला बघून "सॉरी, सॉरी" करायला लागली. शिव्या घशातच राहिल्या. "जेवलीस का?" एवढंच तोंडातून निघालं. (मशीननं त्याचं काय केलं देव जाणे, ती रडायलाच लागली.)

मग राजवीरवर तुटून पडलो. एकीच्या तोंडचा घास काढायचा, दुसरीला पिळायचं, आणि त्याला धंदा म्हणायचं? संयोगिताच्या दारात मी स्वतः गेलो. "आधी पोराला पाठवा, मग बघू," म्हणाली. राजवीर मान खाली घालून जाऊन आला, तेव्हा कुठं ती परत आली. परदेशी गिऱ्हाइकं तेवढी मनिलाकडंच ठेवलीत, त्या पोरीचाही घास मोडायला नको. माणुसकी म्हणून काही हाय का न्हाय?

आपला संतापलेला मेहुणा,
शशिधर

ता. क. तुमची पवित्रा जर्मनीत संध्याकाळी मोकळीच असते म्हणे. परदेशी गिऱ्हाइकं तिनंच बघितली तर? घरचीच पोरगी, पगार थोडाच मागणार?

आणखी ता. क. हे राजवीरच्या कानावर घालू नका. त्याला परवाच माणुसकीवर तासभर ऐकवलंय.