उभ्याने लिहिलेलं पत्र, बैठकीविषयी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण सध्या कंबर वाकत नाही. तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा. (पत्रही उभ्यानेच लिहितोय, कपाटावर कागद ठेवून. अक्षर वाकडं आलं तर माझ्या बालपणीच्या शिक्षकांना बोल लावू नकोस.) तुझा खोकला कसा आहे? मांजरीने पिल्लं शेवटी कुठे घातली? मी मजेत आहे. बसणं सोडलं तर सगळं जमतं.

झालं असं, की माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जनावरांच्या डॉक्टरीणबाई येतात. वर्षभरात त्यांचं घड्याळ चार वेळा बिघडलं. (त्यात दोनदा बिघाड मीच शिल्लक ठेवला, त्या परत याव्यात म्हणून. आता तू समजून घे.) मागे एकदा त्या म्हणाल्या, "रविवारी घोड्यावर रपेट मारल्याशिवाय मला चैन पडत नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मलाही!" आत्या, तोवर मी घोडा फक्त बुद्धिबळात चालवला होता. त्यांनी लगेच महिनाअखेरचा रविवार ठरवून टाकला.

हातात तीन आठवडे. तडक गावाबाहेरच्या तबेल्यात गेलो. तिथल्या मास्तरीणबाई उंचीने माझ्या खांद्याइतक्या, पण आवाज असा की दोन मैलांवरची गाढवंही सरळ चालावीत. त्यांनी मला ज्या घोड्यावर चढवलं त्याला सगळे 'साहेब' म्हणतात, कारण पाचच्या ठोक्याला तो काम सोडून घरी जातो. पाठीवर कोण आहे याची चौकशी करत नाही. पहिल्या दिवशी मी डावीकडून चढलो आणि त्याच झपाट्यात उजवीकडून उतरलो. दुसऱ्या दिवशी गुडघे आवळून बसलो, तर ओल्या साबणासारखा वर सटकलो. तिसऱ्या दिवशी लगामाला लोंबकळलो. साहेबांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी माफी मागितली.

मग बाईंनी पाय अडकवायच्या रिकिबीच काढून घेतल्या! घोडा लांब दोरीला बांधून गोल फिरवायचा, आणि मी दोन्ही हात पसरून वर नुसतं बसायचं. "खांदा, कंबर, टाच एका रेषेत! पुढे बघा, घोडा पायाखालचं बघतो! श्वास घ्या!" (मी पहिल्या फेरीपासून श्वास धरून ठेवला होता.) "कंबर सोडा! त्याची पाठ हलते तशी हलू द्या!" मी म्हटलं, "बाई, कंबर सुटली तर मी पडेन." "आवळून किती वेळा पडलात?" त्यांनी विचारलं. मी मनातल्या मनात मोजलं, सतरा. मग मात्र सोडली. आणि काय सांगू, दुडक्या चालीत सलग चार फेऱ्या मी खोगिरातच होतो! डोळ्यांत पाणी आलं. बाई म्हणाल्या, "आता बैठक आली. रडताना हनुवटी वर ठेवा."

ठरलेल्या रविवारी डॉक्टरीणबाई आणि मी निघालो. कुणीतरी वाळत घातलेली चादर एकदम फडफडली आणि दोन्ही घोडे बिथरले. डॉक्टरीणबाई नेमक्या केस बांधत होत्या. त्या थेट चिखलात. मी मात्र जागच्या जागी, हनुवटी वर! मदतीला उतरायला हवं होतं, पण उतरायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आजवर ते काम साहेबच करत. शेवटी मी त्यांच्याभोवती फेऱ्या मारत तब्येतीची विचारपूस केली. त्या चिखलात बसून पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "पण बैठक काय पक्की आहे हो तुमची! कुणी शिकवलं?"

काकांना नमस्कार. औषध वेळेवर घे.

तुझा भाचा

ता. क. : घाबरून मी म्हणालो, "आत्यानं." तू तरुणपणी शर्यती जिंकायचीस, हेही माझ्या तोंडून निघालंच. डॉक्टरीणबाई येत्या रविवारी तुला भेटायला येत आहेत. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे, सांभाळून घे.

पुन्हा ता. क. : त्या दोन घोडे घेऊन येतील. तुझ्यासाठी त्यांनी एक म्हातारी, शांत घोडी निवडली होती. मीच म्हटलं, आत्याला शांत जनावरं आवडत नाहीत.