सत्तेचाळीस मैल लांबची लोकशाही

मंगळवार, ३ मार्च

आज पान जुळवताना इतकी हसले की आतून कीथ ओरडला, "अर्लिस, ठीक आहेस ना?" संपादक आहे, पण हसण्याची भीती वाटते त्याला.

व्हेल्माबाईंच्या सदराचा मजकूर! वॉशिंग्टनमध्ये बड्या धनिकांना पुन्हा करसवलत. वरचा पैसा हळूहळू खाली झिरपेल, असं आपले खासदार म्हणाले. बाई लिहितात: "खासदारसाहेब, चाळीस वर्षं मी खाली बादली लावून बसले आहे. परवा बादलीच गंजून फुटली. पैसा राहू द्या, निदान एक नवी बादली तरी झिरपवा."

वय एक्क्याऐंशी! शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. निम्म्या गावाला, माझ्या नवऱ्यालासुद्धा. गावातले दहापैकी आठ जण खासदारांच्याच पक्षाचे. आमचं घर तर सगळ्यात पुढे. माझा नवरा ड्वेन म्हणजे काउंटीचा, आमच्या जिल्ह्याचा, कारभार बघणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष, आणि तो मत देतो तिथेच मी देते. इतकी वर्षं.

तरी या साप्ताहिकात आठवड्याचे दोन दिवस काम करते, ते बाईंचं लिखाण सगळ्यांच्या आधी वाचायला मिळतं म्हणून. हे कुणाला सांगणार?

गुरुवार, ५ मार्च

"तुमच्या त्या बाईंचं मी वाचत नाही," ड्वेन म्हणाला. पिकअपच्या सीटखाली अंक सापडला. बरोबर बादलीचा मजकूर वर येईल अशी घडी घातलेला!

सोमवार, ९ मार्च

मंडळाचा प्रस्ताव बाहेर आला. काउंटीतली बारापैकी अकरा मतदान केंद्रं बंद. एकच राहणार, कोर्टाच्या इमारतीत. केंद्रांवर कामाला बसायला माणसं मिळत नाहीत, म्हणे. उत्तरेच्या टोकाहून कोर्ट सत्तेचाळीस मैल!

ड्वेनला विचारलं, "म्हातारी माणसं कशी येणार?"

"टपालाने पाठवतील की मत."

"टपालाच्या मतावर विश्वास ठेवू नका, असं आपल्याच पक्षाचे लोक सांगतात ना?"

तो सूप ढवळत राहिला. थंड झालं तरी ढवळत होता.

बुधवार, ११ मार्च

सकाळी बाईंचा फोन. "गाडी चालवशील का गं? माझी नजर आता रस्त्याच्या टोकापर्यंत पोचत नाही."

उत्तरेला एमिल नावाचे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे शेतकरी एकटे राहतात. त्यांच्या दारापासून कोर्टापर्यंत किती वेळ लागतो, ते बाईंना स्वतः बघायचं होतं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. वारा असा की बर्फ रस्त्यावरून आडवा धावत होता. मधे दोनदा थांबावं लागलं, एमिलना फार वेळ सलग बसवत नाही. एक तास पन्नास मिनिटं!

कोर्टाच्या पायऱ्यांकडे बघून एमिल म्हणाले, "आजवर एक निवडणूक चुकवली नाही. आता चुकणार."

मला वाटलं, बाई काहीतरी झणझणीत बोलतील. त्या नुसत्या एमिलचा हात धरून उभ्या राहिल्या, बर्फात.

संध्याकाळी छपाईला जाता जाता मजकूर आला. "मंडळाचं अभिनंदन! आपल्याकडे लोकशाही फारच जवळ राहत होती. येता-जाता कुणीही दार वाजवायचं. अशाने मान राहत नाही. आता ती सत्तेचाळीस मैल लांब राहायला गेली आहे. भेटायला जाताना डबा आणि औषधं बरोबर घ्या."

ड्वेनचं नाव कुठेच नाही. पण प्रत्येक ओळीत तोच.

शुक्रवार, १३ मार्च

ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानदाराने जाहिरात काढून घेतली. कीथ गारठला. बाईंना म्हणाला, "काही आठवडे वॉशिंग्टनवर लिहा ना. हवं तेवढं झोडा. इथलं नको."

"लांबच्या माणसाला झोडायला काय लागतं, कीथ? तो किराणा दुकानात समोर येत नाही."

कीथ म्हणाला, "लिहा. बघू काय होतं ते." शाबास! त्यालाही.

आणि मी? पानं जुळवते. घरी येऊन ड्वेनसमोर बटाटे सोलते. लाज वाटली आज.

मंगळवार, १७ मार्च

मंडळाची सभा. खुर्च्या पुरल्या नाहीत. प्रत्येकाला तीन मिनिटं, घड्याळ ड्वेनपुढे. बाई उठल्या तेव्हा लोक आधीच हसायच्या तयारीत होते.

"ड्वेन, तू अठरा वर्षांचा झालास, तेव्हा तुमच्या वर्गाला मी मतदानाला नेलं होतं. आठवतं?"

"हो, बाई." अध्यक्षाच्या खुर्चीतून 'बाई'!

"कसे गेलो होतो?"

"चालत."

"किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं... असतील."

"तेवढंच मागायला आले आहे. माझा उरलेला वेळ दुसऱ्या कुणाला तरी दे."

बसल्या. कुणी हसलं नाही.

मग मतदान. दोन-दोन. शेवटचं मत ड्वेनचं. केंद्रं बंद!

पार्किंगमध्ये त्याला म्हटलं, "चूक केलीस." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा.

"मग तूच बस जाऊन माझ्या खुर्चीत!"

घरापर्यंत गाडी मी चालवली.

गुरुवार, १९ मार्च

कूखन, आमच्याकडचा सायीचा गोड केक, भाजून बाईंकडे घेऊन गेले. म्हटलं, "यंदा मंडळाची निवडणूक आहे. ड्वेनविरुद्ध तुम्ही उभ्या राहा."

"मी निवडून आले तर टोमणे कुणाला मारू?" कूखनचा दुसरा तुकडा घेतला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिल्या. "तू का नाही?"

मला हसू आलं. मग आलं नाही.

"आणि निवडून आलीस तर तुलाही सोडणार नाही हं मी!"

शनिवार, २१ मार्च

ड्वेनला सांगितलं, तुझ्याविरुद्ध मी उभी राहतेय. "बरं," म्हणाला. गॅरेजमध्ये गेला.

सोमवार, ३० मार्च

जूनमध्ये आधी पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरतो, ड्वेन की मी. त्या अर्जाला पन्नास सह्या लागतात, आमच्याच पक्षाच्या मतदारांच्या. दार अन् दार फिरले. कुणी आत घेतलं, कुणी पडद्याआडून बघितलं. एमिलनी सही करायला तीन मिनिटं घेतली, पण नाव पूर्ण लिहिलं! बाईंना करता येत नाही, त्या दुसऱ्या पक्षाच्या. "आयुष्यात पहिल्यांदा पश्चात्ताप होतोय," म्हणाल्या.

एकोणपन्नास झाल्या. उद्या दुपारी मुदत संपते. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच ठेवून झोपते. घरात नऊ दिवस फक्त कामापुरतं बोलणं.

मंगळवार, ३१ मार्च

उठले तर पिकअप गेलेली. कागदावर माझा कॉफीचा मग ठेवलेला, भरलेला, अजून गरम. पन्नासावी सही ड्वेनची.