बिनदेशाच्या माणसाची मुलगी

प्रिय हर्का,

तुला जाळून आले त्या दिवसापासून तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. इतका राग होता! पण आज सांगायलाच हवं. आपली मैना भारतीय आहे, असं आज तहसील कचेरीत ठरलं.

का उभा राहिलास रे तू तसा, ताठ? विजयदुर्गाकडच्या त्या बागेतले आंबे चोरीला गेले आणि राखणदार म्हणून तुलाच घेरलं. "खंयचो रे तू? सांग!" नेपाळचा म्हणाला असतास, तर काय बिघडलं असतं? सगळे तुला गुरखोच म्हणत होते. पण तू म्हणालास, "भूतानचा होतो. त्यांनी नागरिकत्व काढून हाकललं. आता कुठलाच नाही."

"जेका देशच नाय, तेका इचारतलो कोण?" असं म्हणत एकाने तुझ्या गुडघ्यावर दांडा घातला. मग सगळेच तुटून पडले. मी मैनाला खाली टाकून कोयता उचलला, एकाचा खांदा फाडला. तोवर तुझं डोकं फुटलं होतं. चिऱ्यांवर, माझ्या पायांवर, पोरीच्या झबल्यावर तुझं रक्त! आणि पोलीस विचारत होते, "मयत कुठल्या देशाचा?"

आज तोच प्रश्न मैनाला. तिच्या निवासी शाळेसाठी राष्ट्रीयत्वाचा दाखला हवा होता. कारकून म्हणाला, "बापाला देश नाही, म्हणजे मुलीलाही नाही."

मी त्याची कॉलर धरली, हर्का. शिपायांनी ओढलं तरी सोडली नाही. आरडाओरडा ऐकून तहसीलदारबाई बाहेर आल्या.

"मुलीचा जन्म कुठला?"

"तोंडवलीचा. दोन हजार सालचा."

"आणि तुम्ही?"

"मीही तोंडवलीचीच."

"मग सोडा त्याला," त्या म्हणाल्या. "दोन हजार चारला कायदा कडक झाला. त्याआधी इथं जन्मलेल्या मुलाच्या आईबापांपैकी एक जण भारतीय असला तरी पुरे. तुमची मुलगी जन्मापासून भारतीय आहे."

आई पुरे! मी तिथेच फरशीवर बसून रडले. तुझ्यासाठी असा एखादा कायदा कुठेच कसा नव्हता रे?

मैना मोठी झाली की तिला भूतानला, तुझ्या संत्र्यांच्या गावाला नेईन. वेशीवर शिपाई अडवील. तेव्हा ती पासपोर्ट दाखवून तुझं नाव त्याला मोठ्याने सांगेल. हा शब्द माझा.

तुझीच,
सुमन