वसंताचं वेगळं ताट

प्रिय वसंता,

मला पत्र लिहायचा सोस न्हाय, तुला ठाऊक हाय. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण काल मंदाला, तुझ्या लेकीला, ठाण्याच्या डॉक्टरकडं नेलेलं. तिथं जे ऐकलं ते तुला सांगितल्याबिगर मला घास उतरत न्हाय. तुझंच दुखणं तिला धरलंय रे. तेच रक्त, तीच कळ.

घाबरू नको. आधी ऐक.

पॉवरलूमच्या शिफ्टवरनं आलास की कसा पोट धरून मोरीकडं पळायचास! विचारलं की, "काय न्हाय बाय, गर्मी हाय." कसली गर्मी! आईनं बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घातला. नाक्यावरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. चार दिवस बरं, की परत तेच. आणि त्या डॉक्टरनं एक शब्द तुझ्या डोक्यात घातला, "पोटात जंतू हायत."

झालं! ताट वेगळं केलंस. ते ॲल्युमिनियमचं, काठाला पोचा आलेलं. स्वतःच राखेनं घासायचास, खिडकीत ठेवायचास. गावाला, दिघाशीला, आपण दोघं एका ताटात जेवलो, सुकटीवरनं भांडलो, आणि मलाच हात लावू देईनास? "माझं दुखणं तुम्हाला नको." बस, एवढंच बोलायचास.

मंदा एवढीशी होती. तुझ्या भातात हात घालायला आली आणि तू चापट मारलीस. पोर बोंबलत गेली. तू दारामागं जाऊन रडलास. मी बघितलं, तिनं न्हाय बघितलं. इतकी वर्षं ती हेच धरून बसली, बापाला मी आवडत नव्हते.

डॉक्टर काय म्हणाला सांगू? जंतू सगळ्यांच्याच पोटात असतात, मोजता येणार न्हायत इतके. आपलेच. अन्न पचवायला मदत करतात. पण एखाद्याच्या अंगातले राखणदार बिघडतात, घरच्यांनाच परके समजून मारत सुटतात, आणि जखमा होतात आतड्याला.

मी म्हटलं, "म्हणजे कशेळीच्या गोदामाचा वॉचमन आपल्याच हमालांना चोर समजून बडवतो, आणि नासधूस गोदामाची?"

तो हसला. "तसंच आजी. का बिघडतात, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"आणि ताटातनं दुसऱ्याला लागतं?"

"छे! हे लागट नाही. एखाद्या घराण्यात येतं, पण ताटातून नाही."

वसंता, ऐकलंस? लागट न्हाय! तू आमच्यात बसून जेवू शकत होतास. शेवटपर्यंत!

मला तुझा रागही येतो. परसाकडंला रक्त पडतंय हे एकदा तोंडानं बोलायचं होतंस. ठाण्याला नेलं तेव्हा आतडं फाटलं होतं. आणि तेव्हाही काय बोललास? "बाय, हात धू." हे शेवटचं बोलणं? असं बोलतात?

काल सांजेला टेमघरला मंदाच्या घरी परतलो, तर तिनं काय काढावं? तुझंच ताट! आठवण म्हणून नेलेलं. आता तीच वेगळी जेवते, खिडकीपाशी. पोराला जवळ येऊ देत न्हाय.

"आत्या, डॉक्टर बोलतो ते बोलतो. पोराला काय झालं तर?"

"गप गं!" मी तिच्या ताटात हात घातला आणि जेवले. पोराला मांडीवर घेतलं. त्यानं भातात मूठ खुपसली. मंदाचा हात वर गेला, अगदी तुझ्यासारखा. मी तो धरला.

"तुझ्या बापानं असाच उचलला होता. मारला आणि दारामागं जाऊन रडला. तुला दुखणं लागेल म्हणून भ्यायला होता तो."

तिनं हात खाली घेतला. मग डोळे पुसले आणि पोराला घास भरवला. तुझ्या ताटातनं.

तिच्या गोळ्या मी चुकू देणार न्हाय, आणि दुखणं लपवू देणार न्हाय. हा माझा शब्द.

आणखी एक. आता पितृपक्ष येईल. दरवर्षी तुझी वाडी वेगळी वाढून कौलावर ठेवतो, कावळ्यासाठी. जिता होतास तेव्हा वेगळं, मेल्यावरही वेगळंच! यंदा मंदा आणि पोर जेवायला बसली की त्यांच्याच ताटातला घास उचलून तुझ्या पानावर ठेवीन. उष्टं पितरांना चालत न्हाय म्हणतील. म्हणू देत.

तुला चालेल ना रे?

ये मग. हात धुवायची गरज न्हाय.

तुझीच,
बाय