दिव्यावरची हिरवी टेप

उस्ताद,

परवा एक गाडी आली आणि तुमची आठवण झाली. खरं तर धास्तीच वाटली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नळदुर्गच्या या शेडमध्ये बॉनेट उघडताना मी एकदा मागं वळून बघतोच. गाडी पंधरा वर्षं जुनी, पांढरी, पेट्रोलवरची. मालकीणबाई मुरुमकडच्या एका दवाखान्यात नर्स. काचा खाली करून गाडी आणलेली, आणि सहा वर्षांच्या पोरीचं मनगट घट्ट धरलेलं. "भाऊ, गाडीत बसलं की ही झोपती. मला वाटायचं, शाळंनं दमती. काल उठवाया गेले तर उठंना. वाऱ्यावर धरली तवा डोळं उघडलं. नर्स असून मला कळलं न्हाय बघा." धुरातला वास नसलेला वायू माणसाला कसा झोपवतो, हे तुम्हीच शिकवलं होतं.

स्कॅनर लावला. तो म्हणतो, धुरात हवा जास्त, पेट्रोल कमी. प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्ही एकदम खरं कसं असेल? अशा वेळी धुरातली हवा मोजणारा सेन्सर बदलून मोकळं व्हायचं, ही आमची आजकालची हुशारी. मीही नवा सेन्सर हातात घेतला होता. पण तुम्ही म्हणायचा, "मशीन निस्तं तक्रार करणाराचं नाव सांगतंय. गुन्हा कुणाचा त्यो तू हुडक." सेन्सर खाली ठेवला आणि इंजिन थंड होईपर्यंत थांबलो. बाईंना ड्यूटीला जायचं होतं, तरी त्या बाकावर बसून राहिल्या. मी दर पाच मिनिटांनी पोरीकडं बघत होतो, ती शेंगा खात होती तरीही.

थंड इंजिन सुरू केलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हातानं गप्प केलं आणि कान लावला. टिक टिक टिक. इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणाऱ्या बिडाच्या मॅनिफोल्डला केसाएवढी चीर. तापलं की आवाज दबतो, गळती चालूच राहते. चिरेतून हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि आणखी पेट्रोल मागतो. तोच धूर चिरेतून बाहेर पडून गाडीतल्या पंख्यावाटे पोरीपर्यंत जात होता.

एक गोष्ट मात्र खटकत होती. एवढा बिघाड असून मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा पेटत कसा नाही? मीटर खोललं. दिव्यावर हिरव्या टेपचा तुकडा. उस्ताद, या कामाला सगळे काळी टेप वापरतात. हिरवी फक्त मी वापरायचो, एक अख्खा डबा पडून होता म्हणून. तीन वर्षांपूर्वी हीच गाडी घेऊन आलेला परंड्याचा एक जण म्हणाला होता, "गाडी इकायचीय, दिवा तेवढा झाका." मी हसत हसत झाकला होता.

तुमच्याकडं शिकत असताना मी ढाबेवाल्याच्या जीपच्या ऑइलच्या दिव्याची वायर अशीच तोडली होती. तुम्ही हात उगारला नाही. दंडाला धरून ढाब्यावर नेलंत. समोर गिऱ्हाइकं जेवतायत, तुम्ही म्हणताय, "सांग यास्नी, काय केलंस ते," आणि मी त्यांच्या ताटांकडं बघत उभा. तुमचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

मॅनिफोल्ड बदलला, टेप काढली. काचा लावून एकटाच जळकोटपर्यंत जाऊन आलो. आज त्या गाडी न्यायला आल्या. किल्ली फिरवली तसा पिवळा दिवा लागला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला. "ह्यो दिवा आधी कधी दिसला न्हाय, भाऊ." पोरगी मागच्या सीटवरून माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "फ्यूज गेलता ताई, नवा टाकला." त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "तुमच्यामुळं वाचली माझी पोरगी."

पत्ताच नाही म्हणून हे पत्र पाठवत नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण तुम्ही आज गावात असता, तरी मी ते पाठवलं नसतं. कारण लाज वाटायला हवी होती तेव्हा, उस्ताद, ते जोडलेले हात मला आवडले.