निरोगी नळी

४ मार्च

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीकडून कळलं, की डॉक्टरांनी डायलिसिसचं नाव काढल्यापासून तू शेजाऱ्याने दिलेली कसलीशी पूड पाण्यातून घेतोस. बावन्न वर्षांचा घोडा झालास, बाबा याच दुखण्याने गेले ते डोळ्यांनी पाहिलंस, आणि तरी पूड! मोरीत ओत ती. निदान तुंबलेली मोरी तरी मोकळी होईल.

वर म्हणे तू बाबांवर गेलास म्हणून तुला झालं, आणि मी आईवर गेले म्हणून सुटले. अरे, नाकावरून किडनी ठरत नाही. किडनीच्या पेशीच्या पडद्यात एक प्रथिन असतं, पाणी कसं वाहतंय याची खबर पेशीला देणारं. ते बिघडलं की पेशी खुळ्यासारख्या वाढतात आणि किडनीभर पाण्याचे फोड धरतात. बाबांकडून तो बिघाड आपल्यापैकी प्रत्येकाकडे यायची शक्यता निम्मी. इतकं सोपं आहे, पण ऐकेल तो दादा कसला!

माझी एक किडनी मी तुला देणार आहे. विचारत नाही, कळवते आहे. आधी घराण्यातला बिघाड जनुकात नेमका कुठे आहे ते शोधायचंय, म्हणून तुझं रक्त पाठव.

लोभ असू दे, आणि जमलं तर थोडी अक्कलही.
तुझी धाकटी

११ मार्च

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

रक्त पाठवलं आहे. अठरा वर्षं तू त्या एका प्रथिनाच्या मागे आहेस. मी नळाचा वॉशर चहा निवायच्या आत बदलतो. तुझ्या प्रयोगशाळेतून एकही नळ दुरुस्त होऊन बाहेर पडल्याचं अजून ऐकलं नाही.

तुझी किडनी मला नको. ती अंगात गेली की मलाही सगळ्यांच्या चुका दिसायला लागतील, आणि माझं एक गिऱ्हाईक टिकायचं नाही. शिवाय वहिनी विचारते, तू स्वतःची सोनोग्राफी केलीस का?

आहे तेवढी माया पुरे. वाढवलीस तर पेलवणार नाही.
तुझा दादा

२ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोनोग्राफीच्या रांगा ज्यांना अंदाजावर भागवायचं असतं त्यांनी लावाव्यात. आमच्याकडे रुग्णाच्या रक्ताशेजारी निरोगी माणसाचं रक्त लावतात, म्हणजे फरक दिसतो. तुझ्या नळीशेजारी मी माझीच नळी ठेवली आणि वर ‘निरोगी’ असं लिहिलं. एका दगडात दोन पक्षी.

पण नळ्या भरणाऱ्या, शेजारच्या टेबलावरच्या गाढवाने घोळ घातला. दोन्ही नळ्यांत तोच बिघाड, त्याच जागी! म्हणजे तुझं रक्त माझ्या नळीत मिसळलं. पुन्हा लावायला सांगितलं तर पुन्हा तेच. चारचौघांत त्याची चांगली हजेरी घेतली. असल्या माणसाला बाटल्या विसळायलाही ठेवू नये.

राग मानू नकोस. मानलास तरी किडनी घ्यावीच लागेल.
तुझी धाकटी

९ एप्रिल

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद.

एका घरात दोन नळांना गढूळ पाणी आलं, तर मी नळांना शिव्या देत बसत नाही. जिना चढून टाकीत डोकावतो. तुझं आणि माझं पाणी एकाच टाकीतलं आहे गं. त्या बिचाऱ्याला बोलणं थांबव, आणि या वेळी नळ्या तू स्वतः भर.

माझं डायलिसिस सोमवारपासून सुरू होतंय. पूड मोरीत ओतली. मोरी मोकळी झाली नाही.

जपून राहा.
तुझा दादा

१७ एप्रिल

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

नळ्या मी स्वतः भरल्या, दार लावून, कोणाला जवळही न येऊ देता. तोच बिघाड, त्याच जागी.

तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, की नाकावरून किडनी ठरत नाही. आणि स्वतः मात्र इतकी वर्षं आरशात आईचं नाक बघून निर्धास्त राहिले. तुझ्या पुडीला हसले, पण माझा आरसा त्या पुडीहून शहाणा नव्हता. गाढव शेजारच्या टेबलावर नव्हतंच. त्याची चारचौघांत माफी मागितली. त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हा मला रडू आवरेना.

दादा, तुला द्यायला आता माझ्याकडे काहीच नाही. आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझी धाकटी

२२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

गुरुवारी सकाळी दहाला तुझ्या नावाने सोनोग्राफीचा नंबर लावला आहे. वहिनी तुला स्टँडवर घ्यायला येईल. भरपूर पाणी पिऊन ये, आणि रांगेत कोणाला अक्कल शिकवू नकोस. कळ दाबून बसल्यावर ते जमायचंही नाही. तिथून सरळ माझ्याकडे ये. मी चार तास डायलिसिसच्या खुर्चीला बांधलेला असतो. तुझं प्रथिन मला पहिल्यापासून समजावून सांग, या वेळी मध्ये बोलणार नाही. बाबांना कोणी काही समजावलंच नव्हतं.

माझं नाव किडनीच्या यादीत घातलंय. मिळेल तेव्हा मिळेल. राहिली तू देऊ केलेली किडनी. ती मी घेतली. आता ती माझी आहे, आणि तुझ्याकडे सांभाळायला ठेवली आहे. तिला काही झालं तर गाठ माझ्याशी आहे.

विचारत नाही, कळवतो आहे.

तुझा दादा