चादरीचं दुसरं टोक

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोचलं. आईने आधी स्वतः फोडलं, मग मला वाचायला दिलं, आणि मी वाचत असताना पुन्हा माझ्या खांद्यावरून वाचलं. तेव्हा गोपनीयतेची काळजी करू नकोस, या घरात ती शिल्लक नाही. मजकूर समजला. मेणाचा दात हातून नीट उतरत नाही, कवळ्या बनवायला शिकवणाऱ्या त्या वर्गातली मंडळी तुला काकू म्हणतील इतकी लहान आहेत, आणि शिकवणाऱ्या बाईंनी तुझी पहिली दाढ खिडकीपाशी उजेडात धरून, हा दात आहे की बटाटा, असं विचारलं. आई म्हणाली, त्या बाईंकडे मी बघते. मी म्हटलं, आधी दाढेकडे बघू. ती तू पाठवली नाहीस, म्हणून मी निकाल राखून ठेवला आहे. इथे तुला धीर देणारं एखादं सुभाषित टाकण्याचा मोहही आवरला आहे. संस्कृतच्या मास्तराला हे किती जड जातं ते तुला कळायचं नाही, पण नोंद घे.

इकडे सगळं ठीक. न्हाणीघरातला नळ गळतो. तू असताना तो तुझ्या धाकाने गळत नसे. मी त्याला दोरी बांधली आहे, आता तो दोरीवरून गळतो. संध्याकाळी तुमची लॉन्ड्री सुटायच्या वेळेला आई अजून चहाचं पाणी जास्तच ठेवते, आणि मग वाया नको म्हणून दुसरा कप मला प्यावा लागतो. माझ्या निद्रानाशाचं मूळ तुझ्या अभ्यासक्रमात आहे, हे डॉक्टरांना सांगायची सोय नाही.

तू दारातून आत यायचीस ती मला डोळ्यांसमोर दिसते. पायातलं काढायचंही त्राण नसायचं. इस्पितळाच्या चादरी दिवसभर त्या तापलेल्या रोलरमधून काढून काढून तुझी बोटं शेकलेली असायची, आणि तू गार पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून बसायचीस, प्यायचं विसरून. आई तुझ्या बोटांच्या भेगांना मलम लावायची तेव्हा तू जेवता जेवता झोपलेली असायचीस. मी एकदा गमतीने म्हटलं होतं की ही समाधी आहे, हिला उठवू नका. तू डोळे न उघडता म्हणालीस, दादा, समाधीतल्या माणसाला ऐकू येतं.

आणि आईची कवळी आठवते ना? नवी कवळी हिरडीला टोचते म्हणून आई रडकुंडीला आली होती. तू नखं घासायची कानस घेतलीस आणि दंतवैद्याने बनवलेल्या त्या मौल्यवान वस्तूवर सरळ चालवलीस. दोन चादरींतली शिवण चाचपावी तशी तू कवळी बोटाने चाचपत होतीस, आणि मी मनातल्या मनात नव्या कवळीसाठी पैसे कुठून आणायचे ते ठरवत होतो. आईने ती तोंडात घातली आणि पहिलं वाक्य काय बोलली, तर मला आळशी म्हणाली. अगदी स्पष्ट उच्चार. दंतवैद्याला कळलं तेव्हा तो आधी तुझ्यावर ओरडला, मग कवळी फिरवून फिरवून पाहिली, आणि मग हसत म्हणाला, बाई, हे नखांच्या कानशीने करायचं काम नव्हे, रीतसर शिकून घ्या, अशा हातांना कवळ्यांच्या कारखान्यात खुर्चीवर बसवून मान देतात. खुर्ची हा शब्द ऐकून तुझा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं आहे. तोवर तू आयुष्यभर उभ्याने काम केलं होतंस.

आता तुझ्या पत्राच्या शेवटाकडे येतो, जिथे तुझं अक्षर फारच बारीक झालं आहे. लॉन्ड्रीतली तुझी जागा महिनाअखेरपर्यंत भरणार नाहीत, मुकादमबाई परत घेतील, आणि तुला यायचंय. स्वतःसाठी नव्हे, असं तू लिहितेस, तर तुझ्यासोबत चादरींच्या घड्या घालणाऱ्या कडकमावशींना आता जोडी नाही म्हणून. त्या एकट्या भिंतीतल्या हुकाला चादरीचं टोक अडकवून घड्या घालतात, हे ऐकून तुझ्या घशाखाली घास उतरत नाही.

हे खरं आहे का, ते बघायला मी गेलो. तुझ्या लॉन्ड्रीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. वाफेने चष्मा आंधळा झाला, तो पुसेपर्यंत माझ्या हातात कोणीतरी गरम चादरीची दोन टोकं कोंबली होती. कडकमावशींचा आवाज आला, "इथे रिकाम्या हाताने उभं राहायचं नसतं, मास्तर." तुमची ती खुणांची भाषा तू मला कधी सांगितली नव्हतीस. एक झटका म्हणजे निम्मी घडी, दोन म्हणजे उलट, आणि हळूच ओढलं तर थांब, कोपरा ओला आहे. आपल्या भाषेतून द्विवचन केव्हाच हद्दपार झालं, ते तुमच्या लॉन्ड्रीत लपून बसलंय हे मला काय ठाऊक? मी दोन झटक्यांना निम्मी घडी घातली, मावशी उलट वळल्या, आणि चादर माझ्या डोक्यावर आली. पलीकडच्या इस्त्रीवाल्या हसून हसून खाली बसल्या. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला पहिल्या दिवशीच जमलं होतं. ती दुसऱ्या टोकाला असली की मला वर बघावं लागायचं नाही. तिचं डोकं दुखतंय की घरी भांडून आलीय, सगळं ओढीत कळायचं." मग त्यांनी माझ्या हातातली चादर काढून घेतली आणि टोक हुकाला अडकवलं. नवी जोडीदारीण घ्यायची मुकादमबाईंची सूचना त्यांनी तोवर दोनदा झिडकारली होती. म्हणजे तू ऐकलंस ते खरं होतं.

घरी येताना मी ठरवलं की तुला ये म्हणून लिहायचं. खोटं कशाला बोलू? मलाही तू हवी आहेस. तू नसताना घरात मी म्हणतो ते कोणी खोडून काढत नाही, आणि त्यामुळे मला माझंच बोलणं संशयास्पद वाटू लागलं आहे. मावशींचं कारण आयतं हाताशी होतं. त्या आडून आई आणि मी, दोघंही तुला घरी बोलावू शकलो असतो, आणि वर उदारही दिसलो असतो.

पण काल सुट्टीच्या दिवशी कडकमावशी आपल्या घरी आल्या. कधी नव्हे त्या. इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेताने खुर्चीच्या कडेवर बसल्या, आईने दिलेला चहा फुंकून फुंकून प्यायल्या, आणि मला म्हणाल्या, "तिला लिहा, माझी जोडी लागली." मी विचारलं, कोण? तर एक उंच पोरगी आहे, हात लांब, लक्ष कुठेतरी तिसरीकडेच. मी विचारलं, जमतं का तुमचं? म्हणाल्या, "छे. पण शिकेल. तुम्ही मात्र चांगली लागली म्हणून लिहा." मी म्हटलं, मावशी, मग घाई का केलीत, अजून महिना संपायचा होता. त्यांनी कप खाली ठेवला. "मला रोज वाटायचं, ती आज येईल," त्या म्हणाल्या. "एक दिवस खरंच आली असती. म्हणून जागा भरून टाकली." आईने पदर डोळ्यांना लावला, आणि मी उगाच नळ बघायला उठलो. जाताना मावशींनी दारात पुन्हा बजावलं, मास्तर, चांगली म्हणून लिहा. मी हो म्हटलं होतं. पण तुला खोटं लिहायला बसलो की हात अडतो, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहिलं. तर धाकटे, परतायला तुला आता इथे जागा नाही. दुसरी दाढ कोरायला घे. सुट्टी लागली की ये, चार दिवस पाहुणी म्हणून राहा, आणि मग आम्ही तुला गाडीत बसवून देऊ.

तुझाच,
(आणि दुसऱ्या कपाचा धनी)
दादा